विजेच्या मोटारीने लांबचा प्रवास : मुडबीच्या वाटेवरून

जगातील पहिला पेट्रोल पंप म्हणजे एक औषधांचे दुकान होते, हे आपल्या व्यवसायबंधूंपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात बर्था बेंझ या जर्मन महिलेने आपल्या दोन मुलांना बरोबर घेतले आणि पती कार्ल बेंझ यांना न सांगता, त्यांनी बनविलेली तीनचाकी मोटार मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत नेली. हे अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक होते. वाटेत इंधन संपत आले. तेव्हा वीसलोख या गावच्या औषधविक्रेत्याकडून तिने लिग्रोइन नावाचे द्रव्य विकत घेतले. कपड्यांवरील डाग काढण्यासाठी ते त्या काळी औषधांच्या दुकानांत मिळत असे. रस्त्यावर कोठेही पंप नव्हता. परंतु कोणत्या गावी, कोणत्या दुकानात कामाचा पदार्थ मिळू शकेल, याचा अंदाज त्या बाईंना होता. प्रवास पार पडला तो या अंदाजाच्या बळावर.

डॉक्टर आणि विजेची मोटार यांचे नातेही असेच जुने आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत पेट्रोलची मोटार सुरू करावयाची तर पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. रात्री-अपरात्री व्हिजिटला निघणाऱ्या डॉक्टरांना हा खटाटोप परवडत नसे. १९०७ पासून तयार होऊ लागलेल्या ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ या मोटारीच्या गिऱ्हाइकांत स्त्रिया व डॉक्टर यांचा भरणा होता, तो याच कारणाने. पुढे १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर आला, हँडल गेले, आणि त्याबरोबर विजेच्या मोटारीचे महत्त्वही ओसरले. आपल्याकडे बेंगळुरूत तयार झालेली ‘रेवा’ ही छोटी विजेची मोटार २००१ साली रस्त्यावर आली, पण ती शहरापुरतीच होती. एका दमात दोनशे-अडीचशे किलोमीटर जाणाऱ्या गाड्या सामान्य डॉक्टरच्या आटोक्यात आल्या त्या २०२० नंतर.

अशी एक गाडी मी २०२३ साली घेतली. संपादक मंडळाने यंदा त्या अनुभवावर लिहिण्याचा आग्रह केला, त्यामागे कारण आहे. आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या मनात ही गाडी घ्यावी असे आहे, आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच : “गावात ठीक आहे हो, पण पुण्याला जायचे तर काय?” मुडबी हे बसवकल्याण तालुक्यातील गाव. बिदर जिल्ह्याची हद्द येथून फार लांब नाही. पलीकडे कलबुर्गी जिल्हा. आमची खरेदी बसवकल्याणला, सरकारी काम बिदरला, मोठे इस्पितळ कलबुर्गी, सोलापूर किंवा हैदराबाद येथे, मुले शिकावयास पुण्यात, आणि देवदर्शन तुळजापूर, गाणगापूर, अक्कलकोट, पंढरपूर. म्हणजे घरातील बहुतेक महत्त्वाची कामे गावापासून दूर. अशा ठिकाणच्या माणसाने विजेची गाडी घ्यावी की नाही, हे अखेर वाटेत वीज कोठे व कशी मिळते यावरच ठरते.

प्रथम थोडी तांत्रिक बाजू, कारण ती न समजता निघालेला माणूस हमखास चिडतो. घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटमधून गाडीला ताशी सुमारे तीन युनिट वीज मिळते. माझ्या गाडीची बॅटरी चाळीस युनिटची आहे. ती रात्रभरात भरते. सार्वजनिक जलद चार्जरचे तत्त्व निराळे. बॅटरीला एकदिश प्रवाह लागतो. घरच्या विजेचे एकदिश प्रवाहात रूपांतर गाडीतील लहानसे यंत्र करते. जलद चार्जरमध्ये हेच काम बाहेरचे कपाटाएवढे यंत्र करते आणि तयार प्रवाह थेट बॅटरीत सोडते. म्हणून तेथे तीस, साठ, एकशे वीस किलोवॅट अशा क्षमता दिसतात. मात्र किती प्रवाह घ्यावयाचा हे गाडी ठरवते, यंत्र नव्हे. पन्नास किलोवॅट पचविणाऱ्या गाडीस एकशे वीसच्या यंत्राजवळ उभे केले म्हणून ती अधिक वेगाने भरत नाही. शिवाय एका यंत्राला दोन गन असतील आणि शेजारी दुसरी गाडी येऊन लागली, तर पुष्कळदा साठाचे तीस-तीस होतात.

आणखी एक गोष्ट. बॅटरी दहापासून ऐंशी टक्क्यांपर्यंत भराभर भरते आणि पुढे मंदावते. बसवकल्याणच्या स्थानकावर एस.टी. लागली की पहिले चाळीस उतारू दोन मिनिटांत बसतात आणि शेवटचे पाच जण जागा शोधत पाच मिनिटे घालवतात, तसाच हा प्रकार. जलद चार्जरवर शंभर टक्क्यांचा हट्ट धरणारा मनुष्य स्वतःचा वेळ दवडतो, आणि मागे उभ्या असलेल्या गाडीवाल्याचाही. ऐंशीला निघावे, हे माझे ठाम मत आहे.

कंपनीने जाहीर केलेला पल्ला आणि रस्त्यावरचा पल्ला यांत फरक असतो, हे आता सर्वांस ठाऊक झाले आहे. माझ्या हिशेबात एका युनिटला साडेसहा किलोमीटर धरतो, म्हणजे भरलेल्या बॅटरीत अडीचशे. त्यातील दोनशेच मी स्वतःचे मानतो. वेग हा यातील मोठा घटक. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ऐंशीऐवजी शंभरने गेले की अवरोधापायी होणारा खर्च दीडपटीहून अधिक होतो. वातानुकूलन यंत्राची आपण उगाच धास्ती घेतो. कलबुर्गीच्या मे महिन्यातही ते ताशी एक-दीड युनिटच्या वर सहसा जात नाही.

आता मूळ प्रश्न : चार्जर शोधावयाचा कसा? केंद्र सरकारच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली व पुढे त्यांत सुधारणा केल्या. शहरांत तीन किलोमीटरच्या प्रत्येक चौकोनात एक आणि महामार्गाच्या दोन्ही बाजूंस दर पंचवीस किलोमीटरवर एक चार्जिंग केंद्र असावे, असे त्यांत म्हटले होते. चार्जिंग ही विजेची विक्री नसून सेवा आहे, त्यासाठी परवाना लागत नाही, असेही २०१८ सालीच स्पष्ट झाले. २०२३ च्या मार्चमध्ये तीन सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ जलद चार्जिंग केंद्रांसाठी ८०० कोटी रुपये मंजूर झाले. महामार्गावरील पेट्रोल पंपांच्या कोपऱ्यात आज जी यंत्रे दिसतात, त्यांत या योजनेचा मोठा भाग आहे. कर्नाटकाने तर विजेच्या वाहनांचे धोरण २०१७ सालीच, देशात सर्वांआधी, जाहीर केले. २०२४ साली सार्वजनिक केंद्रांच्या संख्येतही हे राज्य पहिले होते. परंतु त्यांतील बहुतांश केंद्रे एकट्या बेंगळुरूत. धोरण राज्याचे असले तरी यंत्र तेथेच उभे राहते जेथे गाड्या आहेत. आणि जेथे यंत्र नाही तेथे कोणी गाडी घेत नाही. सीमाभागास हा फेरा नवा नाही. रेल्वेच्या बाबतीत आपण तो पुरेपूर भोगला आहे. बिदर-कलबुर्गी मार्ग पूर्ण होण्यासाठी २०१७ साल उजाडावे लागले.

आमच्या मुलखास एक सोय मात्र आपसूक लाभली आहे. पुणे-सोलापूर-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ बसवकल्याणला जवळजवळ खेटून जातो, आणि बिदर-हुमनाबाद-कलबुर्गी-विजयपूर हा क्रमांक ५० त्याला हुमनाबादेत छेदतो. गावातून निघताना बॅटरी घरचीच भरलेली असावी, सस्तापूर बंगल्याशी महामार्गाला लागावे, आणि पुढचा शोध महामार्गावर घ्यावा, ही माझी पद्धत.

शोधासाठी मोबाइलवर बरीच अ‍ॅप आहेत. प्रत्येक चार्जिंग कंपनीचे स्वतंत्र, शिवाय सर्वांची केंद्रे एकत्र दाखवणारी काही. सरकारनेही २०२२ च्या डिसेंबरात ‘ईव्ही यात्रा’ या नावाने एक संकेतस्थळ व अ‍ॅप सुरू केले. माझ्या मोबाइलमध्ये पाच-सहा अ‍ॅप आहेत व प्रत्येकात दोन-तीनशे रुपये आगाऊ भरून ठेवलेले आहेत. रस्त्यात नेटवर्क नसताना पैसे भरण्याची खटपट नको. दर युनिटला साधारण पंधरा ते पंचवीस रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. घरच्या विजेच्या मानाने महाग, डिझेलच्या मानाने तरीही स्वस्तच.

परंतु अ‍ॅपमधील हिरव्या ठिपक्यावर मी विसंबत नाही. आपण जसे प्रयोगशाळेच्या कागदाकडे पाहून रुग्णाकडे पाहण्याचे सोडत नाही, तसेच हे आहे. ठिपका एवढेच सांगतो की यंत्राचा संपर्क चालू आहे. पुढील केबल तुटली आहे का, समोर मालमोटार उभी आहे का, पंप रात्री बंद होतो का, हे त्यास माहीत नसते. म्हणून निघण्यापूर्वी तेथे दूरध्वनी करावा. पंपावरचा मुलगा मराठी, कन्नड, दखनी यांपैकी काहीतरी बोलतोच. त्याला एकच प्रश्न विचारावा : “आज सकाळपासून कोणाची गाडी लागली का?” यंत्र चालू आहे का असे विचारले, तर होकारार्थी उत्तर देण्याची आपल्या लोकांची सवय आहे. गाडी लागली होती का, याचे उत्तर बहुधा खरे येते. तसेच अ‍ॅपमध्ये इतर चालकांनी शेवटचे चार्जिंग केव्हा केले हे दिसत असेल तर तेही पाहावे. आणि सॉकेटचा प्रकार. आपल्या मोटारींना सध्या ‘सीसीएस-२’ हा जोड लागतो. आरंभीच्या काळात बसविलेली ‘भारत डीसी-००१’ प्रकारची पंधरा किलोवॅटची यंत्रे काही ठिकाणी नकाशावर दिसतात. त्यांची गन आपल्या गाडीत बसतच नाही.

माझा नेहमीचा लांबचा प्रवास पुण्याचा. आईचे वय ८१, कमरेच्या मणक्याचा आजार जुना, आणि तिची तपासणी पुण्यात. मुडबी ते पुणे अंतर सुमारे चारशे किलोमीटर. पहाटे पाचला पूर्ण बॅटरीवर निघालो की उमरगा, नळदुर्ग मागे टाकून सोलापुरास चाळीसएक टक्के उरतात. तेथे पाऊण तास. पुढे मोहोळ, टेंभुर्णी ओलांडून इंदापूर-भिगवणच्या टापूत दुसरा थांबा, आणि दुपारी पुणे. डिझेलच्या गाडीपेक्षा दीड तास अधिक लागतो. परंतु आईस दर दोन-अडीच तासांनी उतरून चार पावले चालावेच लागते. पूर्वी त्यासाठी मी नाखुशीने थांबत असे, आता गाडीच थांबवते. यावरून माझी एक कसोटी तयार झाली आहे. चार्जर किती किलोवॅटचा आहे याच्याइतकेच, तेथे सावली, बसावयास खुर्ची आणि म्हाताऱ्या माणसाला वापरता येईल असे स्वच्छतागृह आहे का, हे महत्त्वाचे. साठ किलोवॅटचे यंत्र उन्हात, पंपाच्या मागे उघड्या जागी असेल आणि तीसचे एखाद्या बऱ्या उपाहारगृहापाशी असेल, तर मी तीस निवडतो. अ‍ॅप तयार करणारी मंडळी तरुण असावीत. ही माहिती त्यांच्या नकाशात नसते.

२०२४ च्या मे महिन्यातील परतीचा एक प्रवास येथे सांगितला पाहिजे. संध्याकाळी सोलापुरास पोहोचलो तेव्हा छत्तीस टक्के होते. तेथील चार्जरवर चार गाड्या रांगेत, म्हणजे तीन तासांची निश्चिंती. नळदुर्गच्या पुढील एका पंपावर दूरध्वनी केला. दुपारपासून दोन गाड्या लागल्याचे कळले, आणि ते खरेही होते. पण आम्ही वाटेत असतानाच वळवाचा पाऊस कोसळला, वारे सुटले, आणि पंपाची वीज गेली. पंपाचा जनरेटर पेट्रोलच्या यंत्रांपुरता. चार्जर त्यावर चालत नाही. बॅटरी चौदा टक्के, मागे सोलापूर साठ किलोमीटर, पुढे घर शंभर, मागच्या आसनावर आई. रात्रीचे आठ वाजले होते.

पाच-सहा किलोमीटर पुढे एका ढाब्यावर दिवे दिसले. मालकाने आनंदाने पंधरा अँपिअरचे सॉकेट दिले. पण गाडीच्या केबलवरील तांबडा दिवा लागला आणि गाडीने वीज घेण्यास साफ नकार दिला. अर्थिंग नाही. पंखा, फ्रीज, मिक्सर हे सर्व अर्थिंगवाचून चालते, म्हणून ते नसल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही. विजेची गाडी मात्र ते तपासल्याशिवाय वीज घेत नाही, आणि ते योग्यच आहे. ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या धातूच्या पेटीस हात लावावयाचा असतो.

ढाबेवाल्यानेच तुरीच्या डाळमिलचा पत्ता सांगितला. मिलची वाहिनी वेगळी, थ्री-फेज जोडणी, आणि यंत्रांसाठी रीतसर केलेले अर्थिंग. मालक म्हणाले, “डाळ भरडायला करंट आहे, तर डॉक्टरसाहेबांच्या गाडीला का नाही?” हिरवा दिवा लागला. आईस त्यांच्या घरी खाटेवर निजावयास मिळाले. साडेचार तासांनी पुरेशी बॅटरी झाली आणि ताशी साठच्या वेगाने पहाटे मुडबीस पोहोचलो तेव्हा सात टक्के उरले होते. त्या गृहस्थांनी पैसे घेतले नाहीत. मात्र घरातील चौघांचा रक्तदाब तेवढा तपासून घेतला. त्यांपैकी दोघांचा वाढलेला निघाला.

त्या रात्रीनंतर मी अर्थिंगविषयी अधिक विचार करू लागलो, आणि आपल्या संघटनेपुढे जी सूचना मांडावयाची आहे ती त्यातूनच निघाली. आपल्या भागातील अर्थिंग उन्हाळ्यात का बिघडते? जमीन कोरडी पडली की तिचा विद्युतरोध वाढतो. काळ्या मातीस तर उन्हाळ्यात भेगा पडतात आणि खड्ड्यातील पट्टी व माती यांचा संपर्कच सुटतो. म्हणून कोळसा-मीठ घातलेल्या त्या खड्ड्यात मार्च ते मे पाणी घालीत राहावे लागते. हे काम कोणी करत नाही. पण आपल्या व्यवसायात एक यंत्र असे आहे की ज्यामुळे आपणांस ते करावेच लागते : ईसीजी. अर्थिंग बिघडले की ईसीजीच्या पट्टीवर पन्नास हर्ट्झची बारीक, एकसारखी थरथर उमटते, आणि आपण तंत्रज्ञास बोलावतो. ज्या दवाखान्यात ईसीजीची रेघ स्वच्छ येते, त्या दवाखान्यात विजेच्या गाडीला वीज मिळण्याची शक्यता फार मोठी. शिवाय आपली बहुतेक रुग्णालये महामार्गालगत किंवा गावाच्या मुख्य रस्त्यावर आहेत, रात्री उघडी असतात, तेथे स्वच्छतागृह व बसावयास बाक असतात. जलद चार्जरची जागा ती घेऊ शकणार नाहीत, पण तो बंद पडला असता घरी पोहोचण्यापुरती दहा-पंधरा युनिटे तेथे निश्चित मिळू शकतात.

तेव्हा सूचना अशी. बिदर, बसवकल्याण, हुमनाबाद, भालकी, आळंद, कलबुर्गी, उमरगा या टापूतील ज्या सभासदांची तयारी असेल त्यांनी आपल्या रुग्णालयात आवारालगत एक पंधरा अँपिअरचे सॉकेट, स्वतंत्र एमसीबीसह, बसवून घ्यावे. खर्च फार नाही. गाडीचा भार ताशी तीन युनिटे, म्हणजे एका मोठ्या ऑटोक्लेव्हएवढा. तरीही आपल्या मंजूर भारात तो बसतो का, हे वीज कंपनीच्या माणसास विचारून घ्यावे. शस्त्रक्रिया चालू असताना किंवा जनरेटरवर असताना गाडी लावू नये, हा नियम लेखी असावा. पाहुण्या व्यवसायबंधूकडून पैसे घेऊ नयेत. ज्यांस व्यवसाय म्हणून चार्जिंग द्यावयाचे आहे त्यांनी गेस्कॉम किंवा महावितरणकडून त्यासाठीची वेगळी जोडणी घ्यावी, वाहनांच्या चार्जिंगसाठी वेगळा दर आहे. आणि अत्यवस्थ रुग्णास आपल्या विजेच्या गाडीतून लांब नेण्याचा मोह कोणी करू नये. त्यासाठी १०८ आहे.

कित्येक सभासद म्हणतील, दोन-तीन वर्षांत दर वीस किलोमीटरवर यंत्रे येतील, मग हा उपद्व्याप कशाला? यंत्रे येतील, यात मला शंका नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत सार्वजनिक चार्जिंगसाठी २,००० कोटींची तरतूद झाली. पण यंत्र बसणे आणि मे महिन्यातील वळवाच्या रात्री ते चालू असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या भागात जलशुद्धीकरणाच्या यंत्रांपासून क्ष-किरण यंत्रांपर्यंत हे आपण पाहिले आहे. उलट, आज चार डॉक्टरांकडे गाड्या आल्या आणि त्या नियमाने या रस्त्यावर धावू लागल्या, तर पंपवाल्यांनाही येथे गिऱ्हाईक आहे हे दिसेल.

यादीसाठी प्रत्येकाने एवढेच कळवावे : रुग्णालयाचे नाव व रस्ता, रात्री कोणास दूरध्वनी करावा, सॉकेटपासून गाडी उभी करण्याच्या जागेपर्यंत किती मीटर केबल लागते, आणि अर्थिंग शेवटचे केव्हा तपासले. माझी नोंद पहिली घालावी. मुडबीस दवाखान्याच्या मागे चिंचेखाली जागा आहे, सॉकेट औषधाच्या खिडकीशेजारी, केबल पाच मीटर पुरते. बाजाराच्या दिवशी मात्र सकाळी आठच्या आत यावे, नंतर तेथे बैलगाड्या सुटतात.